गाडी घरची, पानाही घरचा

आपल्या वस्तीत आज घरटी एक दुचाकी उभी दिसते. कुणाची हप्त्यावर घेतलेली, कुणाची पुण्याला कंपनीत लागलेल्या मुलाने पैसे पाठवून घेतलेली, तर कुणाची तिसऱ्या मालकाकडून आलेली. पण दहा घरे हिंडून बारा-तेराचा पाना मागितला तर एखाद्याच घरी मिळतो, आणि तोही बहुधा पाण्याच्या मोटारीसाठी आणलेला असतो. नांदेडात हे रोज दिसते, लातूरला बहिणीकडे गेलो की तिथेही हेच दिसते. मी स्वतः आयटीआयला मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेतले आणि तीस वर्षे गाड्यांच्याच कामात घालवली. म्हणून या विषयावर वाचक बंधू-भगिनींसाठी चार शब्द लिहावेत असे पुष्कळ दिवस मनात होते. निमित्त मात्र माझ्या भाचीने दिले.

भाची अहमदपूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर कंत्राटी परिचारिका आहे. राहायला अहमदपुरात, आणि उपकेंद्र आत अकरा किलोमीटरवर. त्या रस्त्याला एसटी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. उपकेंद्राखाली तीन गावे आणि एक तांडा. लसीकरणाचा दिवस असला की लसीचा डबा घेऊन या सगळ्या ठिकाणी फिरावे लागते. पहिले वर्ष तिने जीपमध्ये कोंबून आणि कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून काढले. मग एक दिवस फोन आला, "मामा, मला गाडी घ्यायची. स्कूटी नको, मोटारसायकल बघा."

तिचे म्हणणे बरोबर होते. स्कूटीची चाके लहान, दहा-बारा इंचांची. डांबरी रस्त्यावर ती छान पळते, पण आतल्या रस्त्याच्या खड्ड्यात ते चाक पुरते उतरते. मोटारसायकलचे अठरा इंची चाक त्याच खड्ड्यावरून निघून जाते. मी तिच्यासाठी २०१६ सालची एक स्प्लेंडर पाहिली. कागद तपासले, बँकेचा बोजा उतरला आहे याची खात्री केली, नाव बदलून घेतले, आणि मगच पैसे मोजले. गाडी दारात आल्यावर ती म्हणाली, "चालवायचं शिकीन मी, मामा. पण रात्री एखादी बाई अडलेली असली अन् माझी गाडी मधेच बंद पडली, तर मी काय करू?"

या प्रश्नाला माझ्याजवळ एकच उत्तर होते. तिला चार रविवार नांदेडला बोलावले.

त्याआधी गाडीविषयी थोडे सांगतो, कारण नवशिक्याने कोणती गाडी घ्यावी हे मला अनेकजण विचारतात. हिरो होंडाने १९८५ साली सीडी १०० आणली आणि १९९४ साली स्प्लेंडर. दोन्हींचे इंजिन ९७.२ सीसीचे, सिलिंडर आडवा. होंडाने १९५८ साली सुपर कब नावाची जी छोटी गाडी काढली होती, तिच्याच घराण्यातले हे इंजिन. पुढे दोन्ही कंपन्या वेगळ्या झाल्या आणि २०११ पासून गाडीवर नुसते हिरो आले, पण इंजिनाची ठेवण तीच राहिली. त्यापूर्वी आपल्याकडे लूना, राजदूत आणि बजाजची एम-८० होती. एम-८० ने खेड्यापाड्यात दुधाचे कॅन आणि खताची पोती पुष्कळ वाहिली, पण ती टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून टाकावे लागे, आणि मागच्या माणसाने धूर खायचा. स्प्लेंडर वजनाला हलकी, एकशे दहा किलोच्या आसपास. सीट इतकी खाली की बेताच्या उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय टेकतात. चारही गिअर खाली दाबायचे, त्यामुळे गोंधळ होत नाही. आणि तिचा सुटा भाग मिळत नाही असे तालुक्याचे गाव मराठवाड्यात नाही. बजाजची प्लॅटिना किंवा सीटी घेतली तरी हीच गोष्ट. नवशिक्याने दीडशे सीसीच्या मागे लागू नये, मग पोरे काहीही म्हणोत.

पहिल्या रविवारी फक्त ऑईल. माणसे पेट्रोल रोज बघतात, ऑईल बघत नाहीत. पेट्रोल संपले तर गाडी थांबते एवढेच. ऑईल संपले तर इंजिन जाम होते आणि चार-सहा हजारांना खड्डा पडतो. या इंजिनात कागदी ऑईल फिल्टर नाही. आत एक जाळी असते आणि घाण बाजूला फेकणारी एक फिरती वाटी. म्हणून ऑईल वेळेवर बदलणे हाच त्याचा खरा फिल्टर. गाडी डबल स्टँडवर उभी करावयाची, दोन-तीन मिनिटे चालू ठेवून बंद करावयाची, आणखी दोन-तीन मिनिटे थांबावयाचे. मग उजव्या बाजूची डिपस्टिक काढून पुसावी आणि आटे न फिरवता नुसती टेकवून पुन्हा काढून बघावी. दोन खुणांच्या मध्ये ऑईल असले की ठीक. वर असले तरी वाईट, खाली असले तर फारच वाईट. कंपनीच्या पुस्तिकेत बदलण्याचे अंतर दिलेले असते, पण आपल्याकडच्या धुळीत आणि उन्हात मी ते अडीच-तीन हजार किलोमीटरच धरतो. ऑईलच्या डब्यावर 'जासो एमए' हे शब्द असावेत. मोटारसायकलचा क्लच ऑईलमध्येच बुडालेला असतो, आणि कारचे ऑईल टाकले तर तो घसरू लागतो. स्वस्तात मिळाले म्हणून सुटे ऑईल घेणाऱ्यांच्या क्लचप्लेटा मी पुष्कळ बदलल्या आहेत.

खालचा नट सोडताना एक गोष्ट मी तिला तीनदा करायला लावली. नट परत बसवताना आधी हातानेच फिरवावयाचा, पाना शेवटच्या वेढ्याला. तिथला भाग अ‍ॅल्युमिनियमचा असतो, वाकडा नट पान्याने रेटला की आटे जातात, आणि मग गाडीखाली तेलाचा थेंब कायमचा.

बहीण चहा घेऊन बाहेर आली ती बघतच राहिली. "दादा, पोरीचे हात काळे करायलास का?" भाची हसून म्हणाली, "आई, साबणानं निघतंय." खरे तर जुन्या ऑईलचा हात तसाच ठेवू नये, ते कातडीला चांगले नाही. काढलेले ऑईल गटारात ओतू नये, हेही सांगून ठेवतो.

दुसरा रविवार चेनचा. स्प्लेंडरची चेन पूर्ण कव्हरमध्ये झाकलेली असते. धुळीपासून तिचे रक्षण होते हा फायदा, पण दिसत नाही म्हणून कुणाच्या लक्षात राहत नाही हा तोटा. कव्हरला खालच्या बाजूला एक गोल रबराचे झाकण असते. ते काढून बोटाने चेन खालीवर करून बघावी, साधारण दोन-अडीच सेंटिमीटर हलली पाहिजे. चाक थोडे थोडे फिरवून चार ठिकाणी बघावयाचे, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. लातूरला एका गॅरेजवाल्याने तिची चेन तारेसारखी ताणून दिली होती आणि वर "आता आवाज येणार नाही, ताई" असे सांगितले होते. आवाज गेला खरा. पण मागे माणूस बसला की गाडी खाली दबते आणि चेन आणखी ताणली जाते. मग सगळा भार चाकाच्या आणि गिअरपेटीच्या बेअरिंगवर येतो. आपण आधीच दोघे-तिघे बसणारी माणसे, आपल्याला ताठ चेन परवडत नाही.

चेन ओढताना मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरके बसते आणि टायर एका बाजूने खातो. चेनला गिअरचे नव्वद नंबरचे ऑईल घालावे. पुष्कळजण इंजिनातून काढलेले काळे ऑईल चेनवर सोडतात. त्यात धातूचा चुरा असतो, म्हणजे चेनला पॉलिश पेपरच लावल्यासारखे. दात्यांची टोके मांजराच्या नखासारखी वाकडी झाली की पुढचा दाता, मागचा दाता आणि चेन असा पूर्ण सेट बदलावा. नुसती चेन बदलून पैसे वाचत नाहीत.

तिसऱ्या रविवारी ब्रेक आणि वायरी. यात खरा जीव आहे, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे दिला. मागच्या ब्रेकच्या ड्रमवर एक बाण असतो आणि शेजारी एक खूण. ब्रेक दाबल्यावर बाण त्या खुणेला टेकला की लायनर संपले असे समजावे. माणसे काय करतात, तर रॉडचा नट आवळत जातात. ब्रेक लागतो, पण आतले लायनर कागदाएवढे राहिलेले असते. पुढचा ब्रेक नवशिके वापरतच नाहीत, पडण्याची भीती वाटते. वास्तविक गाडी थांबवण्याचे निम्म्याहून जास्त काम पुढचे चाक करते. दोन्ही ब्रेक सोबत, हळूहळू वाढवत दाबावयाचे, हँडल सरळ असताना. हे मी तिला गोदावरीकाठच्या मोकळ्या रस्त्यावर पन्नास वेळा करायला लावले. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीपर्यंतच्या सगळ्या नव्या गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय किंवा एबीएस सक्तीचे झाले आहे. जुन्या गाडीत ती सोय नाही, ते आपल्या हातापायालाच शिकवावे लागते. ओढ्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी जाते आणि पहिले दोन-तीन ब्रेक लागतच नाहीत. पलीकडे गेल्यावर हळू चालवत ब्रेक थोडे थोडे दाबून वाळवून घ्यावेत.

वायर म्हणजे क्लचची आणि पुढच्या ब्रेकची केबल. ती एकदम तुटत नाही. हँडलजवळ, जिथे तिची गोळी बसते, तिथे एकेक तार तुटत जाते. रबर वर सरकवून बघितले की दिसते. महिन्यातून एकदा कागदाची पुडी करून केबलच्या तोंडाला बांधावी, तिच्यात दोन-चार थेंब पातळ ऑईल सोडावे आणि रात्रभर ठेवावे. सकाळी क्लच लोण्यासारखा होतो. मूठ दाबताना सुरुवातीला एक-दोन सेंटिमीटर ढील असावी. ढील मुळीच नसली तर क्लच कायम अर्धा दाबलेला राहतो आणि प्लेटा जळतात.

हाफ क्लचवरून आठवले, चौदा एप्रिलविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. जयंतीच्या आधी आठ दिवस नांदेडच्या गॅरेजांत पाय ठेवायला जागा नसते. गाडी धुवून, पॉलिश करून, निळा झेंडा लावून मिरवणुकीत न्यावी, यात मला आनंदच आहे. माझे वडील सायकल हातात धरून गावाच्या वेशीतून पायी जात, बसून जाण्याची सोय नव्हती. त्यांच्या नातवांना गाडीवर बसून रस्त्याच्या मधून जाताना बघितले की डोळे भरून येतात. पण सायलेन्सर काढून फटाके फोडणे कशासाठी? आणि एप्रिलच्या उन्हात तीन-तीन तास पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून गाडी सरकवत नेणे इंजिनाला सोसत नाही. हे इंजिन वाऱ्याने थंड होते. गाडी पळाली नाही तर वारा नाही, वारा नाही तर ऑईल तापून पातळ होते. पंधरा एप्रिलला तीच गाडी "उचलंना गेली" म्हणून गॅरेजात येते. मिरवणुकीत गाडी बंद करून ढकलत न्यावी, तेवढीच चालणाऱ्यांची सोबत होते.

चौथ्या रविवारी बाकीचे उरकले. प्लग काढणे, त्याचा रंग बघणे: तांबूस-तपकिरी असला तर उत्तम, कोरडा काळा असला तर पेट्रोल जास्त जाते, तेलकट काळा असला तर इंजिन ऑईल पिते. एअर फिल्टर, बॅटरीची टोके, फ्यूज, बल्ब. हवा पुढे २५, मागे एकटी असताना २८, आणि मागे माणूस असला तर चाळीसच्या आसपास. गाडीवरच्या पट्टीवर आकडे असतात. हवा सकाळी टायर थंड असताना बघावी, मे महिन्याच्या दुपारी बघितलेली हवा खोटी असते. पेट्रोलविषयी मात्र थोडे सावध राहावे लागते. २०२५ पासून पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. लातूरकडच्या उसाचाही त्यात हातभार आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. गाडी पावसाळ्यात आठ-पंधरा दिवस उभी राहिली की टाकीच्या तळाला पाणी साचण्याची भीती असते. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून घोटभर पेट्रोल बाटलीत काढून बघावे, पाणी असले तर खाली वेगळे दिसते. २०२३ च्या आधीच्या गाड्यांच्या रबरी नळ्याही अधूनमधून चिमटीने दाबून बघाव्यात, कडक झाल्या किंवा चिरल्या असतील तर बदलाव्यात. नळी शंभर रुपयांच्या आतच येते.

गाडी धुण्याविषयी लातूरकरांना मी काय सांगणार! २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आले, १२ एप्रिलला पहिली गाडी दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर घेऊन पोचली. त्या वर्षी बहिणीच्या घरी कपडे धुतलेल्या पाण्यात फडके बुडवून गाडी पुसत. गाडीचे काहीही बिघडले नाही. उलट आज ठिकठिकाणी प्रेशरच्या पाण्याने धुतात, ते पाणी चाकाच्या बेअरिंगमध्ये आणि प्लगच्या टोपीत शिरते. फक्त एक काम पाण्याशिवाय होत नाही. पावसाळ्यात काळी माती मडगार्डखाली बसते आणि वाळून दगड होते. चाक फिरेनासे होते. ती ओली असतानाच काडीने काढावी.

आता भाचीचे सांगतो. मागच्या पावसाळ्यात तिने एका रविवारी फोन केला, "मामा, क्लचच्या वायरीच्या दोन तारा तुटलेल्या दिसायल्यात. चालंल का महिनाभर?" मी म्हणालो, आजच बदल. तिने अहमदपुरातून वायर आणली आणि स्वतः बसवली. जुनी वायर फेकली नाही, सीटखाली गुंडाळून ठेवली. शेजारच्या बायका जमून बघत होत्या म्हणे. "सिस्टरला गाडी खोलता येती," असे सगळीकडे झाले.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी रात्री एक वाजता आशाताईंचा फोन आला. तांड्यावर एक बाळंतपण होते, तारखेच्या तीन आठवडे आधी. १०८ ला कळवले होते, पण गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली, यायला तास-दीड तास लागणार होता. पाऊस चालू. भाची निघाली. आशाताईंचे मालक मोटारसायकलवर अर्ध्या रस्त्यात सामोरे आले, पुढे दोन्ही गाड्या सोबत गेल्या. वाटेत एक मोठा चढ आहे, चिखलाचा. तिथे क्लच चार-पाच वेळा दाबावा-सोडावा लागतो, आणि त्या दोन तारा तुटलेल्या वायरीने तिथे दगा दिला असता की नसता, हे कुणी सांगू शकत नाही. मी मेकॅनिक आहे, माझे मत विचाराल तर दिला असता. बाई पहिलटकरीण होती. १०८ येईपर्यंत मूल जन्मले होते, मुलगी, दोन किलो तीनशे. भाचीने मूल पुसून आईच्या छातीशी उबेला दिले, आणि नंतर दोघींना अहमदपूरच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवले. सकाळी सहाला मला फोन करून तिने सगळ्यात आधी काय विचारले असेल? "मामा, गाडी चिखलातून काढली, मागच्या ब्रेकमधून किरकिर आवाज यायलाय. लायनर गेलं का?"

लायनर गेले नव्हते, आत चिखल शिरला होता. तो चाक खोलून साफ करावा लागतो. फोनवरून सांगत सांगत तिने ते केले, दोन तास लागले. चाक परत बसवताना एक्सलचा नट किती आवळायचा एवढेच तिने शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याकडून तपासून घेतले, ते शहाणपणाचे केले.

खर्चाचा हिशेबही सांगतो, कारण घर चालवणाऱ्याला तोच आधी सुचतो. चार पाने, प्लगपाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, हवा मोजायचे मीटर आणि एक ग्रीसची डबी एवढे सामान हजार-बाराशेत येते. वर्षातून तीन-चार वेळा ऑईल घरी बदलले तरी मजुरीत तेवढे सुटतात. सगळेच घरी करू नये. टॅपेट, कार्बोरेटर खोलणे, बॉलरेसर, इंजिनाच्या आतले काहीही, हे ज्याचे काम त्यालाच द्यावे, आणि देताना समोर उभे राहावे. आपल्याला थोडे कळते हे दिसले की समोरचा माणूसही नीट काम करतो. २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले आहे. तिथे दिवा लागला तर पाना बाजूला ठेवून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जावे. ऑईल, चेन, ब्रेक, वायर आणि हवा मात्र नव्या गाडीतही तशीच आहे.

ऊस सुरू झाला की नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा, अहमदपूर, चाकूर या पट्ट्यात रात्री ट्रॉल्या उभ्या असतात, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. आपला हेडलाईट रस्ता बघण्यापुरता तरी नीट लावलेला असावा, काच आतून पिवळी पडली असेल तर बदलावी. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचेच घ्यावे. आणि अठरा वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात चावी देऊ नये. २०१९ च्या कायद्याने त्यासाठी पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे, पण दंड नसता तरी देऊ नये.

भाचीचा मागचा टायर आता खुणेपर्यंत झिजला आहे. पुढच्या रविवारी ती नांदेडला यायची आहे. टायर-ट्यूब मी आणून ठेवली आहे, काढणे-बसवणे तिनेच करायचे असे ठरले आहे. सोबत आशाताईही येणार म्हणतात, त्यांच्या मालकांच्या गाडीची चेन आवाज करते.